विहारासमोरची मऊ माती

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, १६ नोव्हेंबर

प्रिय तनुजा,

सप्रेम जय भीम, आणि तुझ्या वाट्याचा रामरामही. पाकीट बघून तू आधी घाबरशील आणि मग हसशील, हे मला ठाऊक आहे. रोज मोबाइलवर फुलांचे फोटो पाठवणारी बाई एकदम पानंच्या पानं लिहायला बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय असं तुला वाटणार. घरातले सगळे ठणठणीत आहेत, तेव्हा घोटभर पाणी पी आणि सावकाश वाच. फोन तीनदा लावला होता. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, मी विषय बदलते, आणि शेवटी आपण दोघी कोथिंबिरीच्या भावावर येऊन थांबतो. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही, आणि मी विषय बदललाच तर तो तुला दिसेल तरी.

अपेक्षाचा निरोप मिळाला. एक तारखेला ती, जावईबापू आणि छकुली इकडे राहायला येणार, म्हणजे तुझं घर पुन्हा भरणार. तिने लिहिलंय, 'मावशी, घर उघडून जरा वारा लागू दे. छकुली रांगायला लागलीय, चाकणच्या फ्लॅटमध्ये तिला जागा पुरत नाही. तिकडे मागच्या अंगणात मातीत सोडून द्यायची तिला.' मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. मग तुझी किल्ली घेऊन गेले, खिडक्या उघडल्या, कोळिष्टकं काढली, मोरी घासली, कोनाड्यातला तुझा गणपतीही पुसला. माझ्या हातून पुसून घेताना तो काही कुरकुरला नाही. मागचं दार मात्र मी उघडलं नाही. तनुजा, छकुलीला त्या अंगणात सोडायचं नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. का सोडायचं नाही, हे मात्र सुरुवातीपासून सांगावं लागेल, आणि त्यात माझा जो भाग आहे त्याच्यापर्यंत पोचायला मला थोडा वेळ लागेल. तेवढा दे.

जूनमध्ये मी तुला सांगितलं होतं की तुझी भाडेकरीण आशाबाई नवऱ्याच्या कामासाठी खुलताबादला गेली. ते अर्धंच खरं होतं. खुलताबाद तिचं माहेर, आणि ती गेली ती धाकट्या मुलीसाठी. तीन वर्षांची पोर, दिवसभर तुझ्या मागच्या अंगणात बसायची आणि माती खायची. माती आपणही लहानपणी खाल्लेली, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही. पण पोर सुकत गेली, जेवायची नाही, पोट धरून बसून राहायची. अंगणवाडीतल्या तपासणीत रक्त फार कमी निघालं म्हणून घाटी रुग्णालयात नेलं. तिथल्या एका तरुण डॉक्टरणीने राहता कुठे, घराच्या मागे काय आहे, असं विचारत विचारत रक्त वेगळ्या तपासणीला पाठवलं आणि त्यात शिसं निघालं. बॅटरीत असतं ते शिसं. त्या मातीपासून लांब नेल्यावर, औषध सुरू झाल्यावर पोर आता बरी आहे. परवा आशाबाईने फोनवर तिचा आवाज ऐकवला, मला 'लूपा आजी' म्हणाली. पण तुझ्या घरात घडलेली ही गोष्ट मी पाच महिने तुझ्यापासून लपवून ठेवली.

त्या डॉक्टरणीच्या कागदावरून चक्रं फिरली आणि सप्टेंबरात वसाहतीत तपासणीची माणसं आली. त्यांच्या प्रमुख तांबोळी मॅडम. तिशीची बाई, पायात गमबूट, ओढणी डोक्याला घट्ट बांधलेली, आणि उन्हातान्हात उभं राहायची कमाल ताकद. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या सासूबाईंना विचारलं, 'खाला, ये नाला आता कहाँ से है?' केसरबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, 'आमच्या येळंला डोंगराकडून येत व्हता, आता कारखान्याकडून येतो बघ.' मॅडमनी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हापासून सासूबाई स्वतःला चौकशी समितीच्या सदस्य समजतात आणि रोज सकाळी नऊ वाजता लुगडं बदलून दारात बसतात.

नाल्याचं तोंड तुला आता ओळखू येणार नाही. अठ्ठ्याण्णव साली आपण दोघींनी शेजारी शेजारी पत्रे टाकले तेव्हा दिवाळीपर्यंत त्यात पाणी वाहायचं. आपण गोधड्या धुवायला जायचो, आणि तुझी नवी कोरी सतरंजी वाहत गेली तेव्हा तू तिच्यामागे गुडघाभर पाण्यात पळालीस, आणि मी मदत करायची सोडून हसत बसले. मग वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या वितळवायची ती भट्टी आली. पाणी आधी राखी झालं, मग त्याला आंबट वास यायला लागला. तरी आपण सगळे शेतकऱ्यांच्या पोटचे. दिवाळीनंतर नाला आटला की तळाशी लोण्यासारखा काळा गाळ उरायचा, आणि गाळ दिसला की आपल्या लोकांचे हात शिवशिवतात. आमच्या मामंजींनी, कडुबांनी, तो चिमटीत चोळून बघितला होता आणि भर चौकात सांगितलं होतं, 'लई कसदार हाय, नेऊन टाका आपापल्या परसात.' मग काय, घमेली घेऊन रांग लागली. तू आणि मी तर चार दिवस वाहत होतो. त्या वर्षी तुझी मेथी ढोपराएवढी झाली होती. पुढे दरवर्षी तेच. गावाकडे तलावातला गाळ शेतात टाकतात, तसा आपण कारखान्याखालचा गाळ अंगणात टाकला, आणि त्यावर भाजी लावली, आणि त्यावर पोरं खेळवली. त्या गाळात विष असेल हे आपल्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. म्हणजे, सगळ्यात आधी आलं ते तुझ्या डोक्यात.

मॅडमबरोबर मी रोज जायला लागले. बत्तीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवर चिठ्ठ्या लावलेली बाई मी, अशा वेळी घरात बसवत नाही. त्यांची पद्धत बघून मात्र मनातल्या मनात कान पकडले. आधी दोरी लावून सगळ्या वसाहतीचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात पाच ठिकाणची वरची दोन बोटं माती काढायची, तीही प्लॅस्टिकच्या चमच्याने. ती कागदावर कालवायची, तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. असं करत करत शेवटी मूठभर उरते ती पिशवीत. पिशवीवर जागा, तारीख, खोली आणि माती कोणी काढली त्याचं नाव. कुठलाही चौकोन सोडायचा नाही, मग तिथे देऊळ असो की संडास. तुझ्या अंगणातली माती मीच काढली. कढीपत्त्याचं खोड अजून आहे. आमच्या दाराशी आल्यावर मी म्हटलं, आमच्याकडे मागे पुढे फरशी आहे, हे घर सोडा. मॅडम म्हणाल्या, 'रूपाताई, फर्शी के नीचे तो मिट्टीच है ना?' आणि त्यांच्या माणसाने कोपऱ्यातली एक शहाबादी उचलली. मी पिशवीवर माझंच नाव लिहिलं आणि पुढच्या घरी गेले.

आता बारा वर्षांपूर्वीचं. तुला ते सांगायची गरज नाही, तूच भोगलंस. पण माझ्या बाजूने ते कसं होतं हे तू कधी ऐकलेलं नाहीस. तुझ्या सात कोंबड्या एका महिन्यात मेल्या, कढीपत्ता पिवळा पडला, तुझ्या सोमनाथचं पोट सारखं दुखायचं. तू एकटीने अर्ज लिहून सरकारी कार्यालयात नेऊन दिलास की आमच्या वसाहतीची माती तपासा. त्यावरून विहारात बैठक बसली. वसाहत नियमित व्हायची होती, कागद महापालिकेत अडकले होते. निम्म्या घरांतली माणसं वरच्या कारखान्यांत कामाला. मुलींची लग्नं ठरायची होती. 'नासक्या मातीतली पोरगी' कोण करून घेणार, असं दगडाबाई म्हणाल्या. तू कोपऱ्यात उभी होतीस आणि तुझ्या बाजूने कुणी बोलत नव्हतं. मग मी उठले. मला वाटलं, मी तुझ्या बाजूनेच उठले. म्हटलं, भांडताय कशाला, मी आमच्या सरांना सांगून माती तपासून आणते, जे असेल ते कागदावर येईल. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, तनुजा. सगळे माझ्याकडे बघत होते.

प्रश्न आला, माती कुणाच्या अंगणातली घ्यायची. तू म्हणालीस, माझ्या. त्यावर सगळे म्हणाले, एकाच्या दारातली नको, वाईट निघाली तर त्या घराला बट्टा लागेल. सगळ्यांची म्हणून विहारासमोरची घ्या, ती मधोमध आहे आणि कुणा एकाची नाही. मला ते इतकं न्यायाचं वाटलं की मी मान डोलावली. मे महिना होता. पटांगणातली जमीन दगड झालेली, खुरपं आत जाईना. बोधिवृक्षाच्या आळ्यापाशी माती मऊ होती, रोज पाणी पडायचं. मी तिथली उकरली, एकाच ठिकाणची, आणि धुतलेल्या चहाच्या बरणीत भरली. सरांनी ओळखीच्या प्रयोगशाळेत ती लावून घेतली. निकाल आला, माती निर्धोक. खाली सरांची सही, आणि माती आणणारी म्हणून माझी. तो कागद मी बैठकीत वाचून दाखवला तेव्हा टाळ्या पडल्या. त्याची प्रत कार्यालयात गेली आणि तुझा अर्ज निकाली निघाला. त्यानंतर कुठेही वास आला की पोरंटोरं म्हणायची, तनुजाकाकूला विचारा. मी ते ऐकायची. एखादीच वेळ रागावले असेन त्यांना, बाकी वेळा हसले. तू एकदाच मला म्हणालीस, 'रूपा, कागद खरा असंल, पण माझ्या कोंबड्या खोट्या नव्हत्या.' पुढच्या वर्षी कृष्णाभाऊजींची बदली चाकणला झाली आणि तुम्ही गेलात. तू तुझी किल्ली माझ्याच हातात दिलीस. मला वाटलं, आपल्यातलं मिटलं.

गेल्या रविवारी तांबोळी मॅडम निकाल घेऊन आल्या. विहारासमोर सतरंजी टाकली होती, सगळी वसाहत जमली होती. त्यांनी नकाशा भिंतीवर लावला आणि शांतपणे एकेक चौकोन सांगत गेल्या. चांगल्या मातीत किलोमागे वीस-पंचवीस मिलिग्रॅम शिसं असतं म्हणे. आपल्याकडे कुठे चारशे, कुठे सातशे. तुझ्या अंगणात अकराशे चाळीस. आमच्या फरशीखाली नऊशे ऐंशी. नाल्यातल्या गाळाचा आकडा मी लिहीत नाही, तो ऐकून आमच्या सम्यकचे बाबा उठून बाहेर गेले. लहान पोरांची रक्ततपासणी होणार, अंगणांतली वरची हातभर माती काढून नेणार, चांगली माती टाकणार, पण हे सगळं व्हायला फेब्रुवारी-मार्च उजाडेल. तोवर पोरांना मातीत सोडू नका, घरात शिरताना पाय धुवा, परसातली भाजी खाऊ नका. कुणी आरडाओरडा केला नाही. लोकांना बहुतेक आतून माहीतच होतं.

मग मॅडमनी नकाशाच्या मधोमध बोट ठेवलं. म्हणाल्या, एक गोष्ट समजत नाही. चारी बाजूंनी आहे, आणि हा एकच चौकोन साफ आहे. विहारासमोर फक्त बावीस. असं कसं झालं? शेवटी सासूबाई बोलल्या. 'अगं बाई, ती माती इथली हाय कुठं? झाड लावलं तवा ज्यानं त्यानं आपापल्या गावची आणली. इथली खडकाळ जमीन, इथं झाड जगत नाय म्हणून. एक अख्खा खड्डा गावाकडच्या मातीनं भरलाय आमी.' आणि मग सगळ्यांनाच आठवलं. दोन हजार चारची बुद्धपौर्णिमा. कुणी पैठणकडची, कुणी वैजापूरची, मी माझ्या माहेरची पिशवीभर. आणि कृष्णाभाऊजी तर गंगापूरहून तुमच्या मळ्यातली काळीभोर माती सिमेंटच्या दोन गोण्यांत भरून काळी-पिवळी जीपमधून घेऊन आले होते. ड्रायव्हरने गोण्या उतरवायला लावल्या तेव्हा भाऊजी त्याला म्हणाले होते, 'ही आमची मायच समज, तिला बसू दे.' त्या गोण्या झाडाच्या उगवतीच्या बाजूला ओतल्या होत्या. मी बरणी भरली ती तिथेच. म्हणजे ज्या कागदाने तुला खोटं पाडलं, त्या कागदावर तुमच्याच मळ्यातली माती होती.

लोक हळहळले, काही हसलेही, काय योगायोग म्हणून. तांबोळी मॅडम हसल्या नाहीत. बैठक संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि पिशवीतून एक जुना कागद काढला. माझी सही मी लगेच ओळखली, तेव्हा मी 'रूपा'वर फार मोठी रेघ ओढायची. येत्या गुरुवारी त्या भट्टीविरुद्ध सुनावणी आहे, क्रांती चौकाजवळच्या कार्यालयात. भट्टीवाल्यांच्या वकिलाने हाच कागद पुढे केलाय. दोन हजार तेरात माती साफ होती, भट्टी त्याच्या आधीपासून चालू आहे, तेव्हा हे शिसं आमचं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. मॅडमनी विचारलं, 'ताई, आप बोलेंगे क्या, मिट्टी किधर की थी?' मी म्हटलं, हो, बोलेन. त्यांनी विचारलं, हे तुमच्या कधी लक्षात आलं? मी म्हटलं, आत्ता, सासूबाई बोलल्या तेव्हा. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, चूक कुणाचीही होते. आणि मी तो हात तसाच घेऊ दिला.

तनुजा, ते खोटं होतं. माझ्या लक्षात आलं त्याला सात वर्षं झाली. दोन हजार अठराच्या बुद्धपौर्णिमेला सासूबाई नेहमीप्रमाणे लहान पोरांना झाडाची गोष्ट सांगत होत्या. दरवर्षी ऐकलेली गोष्ट. मी खिरीचे द्रोण वाटत होते. 'ही माती इथली नाय रे बाळांनो' असं त्या म्हणाल्या आणि माझा हात तिथेच थांबला. सगळं एका क्षणात कळलं. मे महिना, खुरपं, बरणी, तू कोपऱ्यात उभी. त्या दिवशी मी घरी येऊन काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आमच्या सुनेला तेव्हा पाचवा महिना होता. आठवड्याभराने मी सम्यकच्या बाबांना म्हटलं, अंगणात फार धूळ होते, पापड वाळत घालता येत नाहीत, शहाबादी टाकून घेऊ. पंधरा दिवसांत मागे पुढे सगळीकडे फरशी झाली. परसातली मेथी मी स्वतः उपटून टाकली. लोक म्हणाले, रूपाची ऐट बघा. मी हसले. आमचा नातू त्या फरशीवर रांगला, त्या फरशीवर चालायला शिकला. आणि आपल्या दोघींच्या मधल्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडे आशाबाईची पोर मातीत बसलेली मला रोज दिसायची. मी तिला एक-दोनदा उचलून आत नेऊन ठेवली, हात धुतले, बिस्किट दिलं. आशाबाईला मात्र शब्द सांगितला नाही. सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, तुम्हाला कसं ठाऊक? त्या एका प्रश्नाची मला भीती होती. बत्तीस वर्षं जिच्या हातच्या मोजमापाला कॉलेजात कुणी नाव ठेवलं नाही, त्या बाईची चूक बाहेर येईल, टाळ्या वाजवलेले लोक तोंड फिरवतील, आणि तुला कळेल. तुला कळेल, हे सगळ्यात मोठं होतं. तू मला माफ करशील याचीच जास्त भीती वाटायची, कारण तू केलं असतंस.

आता हे पत्र का लिहिलं ते. छकुलीला आणू नकोस एवढंच सांगायचं असतं तर मोबाइलवर दोन ओळी पुरल्या असत्या. गुरुवारी मला सगळ्यांसमोर उभं राहायचं आहे, आणि मी स्वतःला ओळखते. तिथे गेल्यावर मी मॅडमना सांगितलं तेवढंच सांगेन, की माती चुकीच्या जागची होती आणि हे मला आत्ता कळलं. तेवढ्यानेही भट्टीवाल्यांचा कागद फाटेल, लोक मला शाबासकी देतील, आणि आशाबाईच्या पोरीचं कुणी विचारणार नाही. म्हणून हे सगळं आधी तुला लिहिलं. उद्या सकाळी स्पीड पोस्टाने टाकते, बुधवारी तुझ्या हातात पडेल. एकदा तू वाचलंस की गुरुवारी मला अर्धं सांगता येणार नाही, मग तू तिथे असलीस काय आणि नसलीस काय. आशाबाईलाही मी सांगणार आहे, सुनावणीहून परस्पर खुलताबादला जाऊन, समोर बसून. तू मला फोन करू नकोस, निदान शुक्रवारपर्यंत नको. तू चांगलं बोलशील आणि माझा धीर सुटेल. फक्त एक कर. अपेक्षाला मी अजून काही कळवलेलं नाही, ती अंगणाच्या आशेने सामान बांधत असेल. मार्चपर्यंत येऊ नको असं तिला तू सांग. ती हट्टी आहे, का म्हणून विचारेल. माती वाईट आहे एवढंच सांगून सोडू नकोस. रूपामावशीला सात वर्षं माहीत होतं आणि ती बोलली नाही, असं सांग, माझं नाव घेऊन.

तू ठेवशील तशी, पण तुझीच,
रूपा